‘केर्मातिस्तेस’ म्हणजे मोड देणारा, खिसेकापू नव्हे

एका ताईंचा प्रश्न आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायाच्या 14व्या ओवीत, यरुशलेमच्या मंदिरात बसलेल्या सराफांसाठी ‘केर्मातिस्तेस’ हा ग्रीक शब्द आहे आणि अख्ख्या नव्या करारात तो एकदाच येतो. त्यांनी प्रवचनात असं ऐकलं की या शब्दाच्या मुळाशी ‘कापणे’ हे क्रियापद आहे, म्हणून योहानाने मुद्दाम हा दुर्मीळ शब्द योजून ते लोक ‘खिसेकापू’ होते असं सुचवलं. हे खरं का? आणि नसेल, तर मराठीत नेमकं काय म्हणावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल. मी गेली वीसेक वर्षं नव्या कराराचं ग्रीक शिकवतो. दर वर्षी वर्गात कोणीतरी हाच मुद्दा मोठ्या उत्साहाने मांडतं, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ उत्तरात जे निसटतं तेच खरं मजेचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मजकूर जवळून पाहू. 14व्या ओवीत येशूला मंदिरात गुरं, मेंढरं, कबुतरं विकणारे दिसतात आणि ‘केर्मातिस्तेस’ बसलेले दिसतात. 15व्या ओवीत तो दोऱ्यांचा कोरडा करून सगळ्यांना बाहेर काढतो, ‘कोल्लुबिस्तेस’ लोकांचं ‘केर्मा’ ओतून टाकतो आणि त्यांचे चौरंग उलथे करतो. म्हणजे एकाच प्रसंगात, लागोपाठच्या दोन ओव्यांत, त्याच माणसांना दोन नावं. मत्तय (21:12) आणि मार्क (11:15) यांच्याकडे फक्त दुसरं नाव आहे. पहिलं एकट्या योहानाचं.

आता ‘केर्मा’. ‘केइरो’ म्हणजे कातरणे, कापणे. मेंढीची लोकर कातरतात तेही हेच क्रियापद. त्यापासून ‘केर्मा’, म्हणजे कापलेला तुकडा, आणि मग बारीक नाणं. ‘केर्मातिझो’ म्हणजे तुकडे करणे, मोठ्या नाण्याचं लहान नाण्यांत रूपांतर करणे. त्याला कर्त्याचा प्रत्यय लागला की ‘केर्मातिस्तेस’. ‘बाप्तिझो’पासून बाप्तिस्मा करणारा ‘बाप्तिस्तेस’ होतो, तसाच हा शब्द बनतो.

प्रवचनकारांनी हे मूळ बरोबर सांगितलं. चूक झाली ती पुढच्या उडीत. ही उडी किती हास्यास्पद आहे हे पाहायला ग्रीक शिकायची गरज नाही, मराठी पुरते. एसटीत कंडक्टर विचारतो, “पाचशेची नोट आहे, मोड नाही का?” त्या ‘मोड’ शब्दात ‘मोडणे’ सरळ बसलेलं आहे. तरी कोणी नोट फाडून हातावर ठेवत नाही, आणि मोड देणाऱ्याला कोणी मोडतोड करणारा म्हणत नाही. ‘खुर्दा’ घ्या. फारसीत ‘खुर्द’ म्हणजे लहान, बारीक. मराठीत त्याचे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदतात: सुट्टी नाणी हा एक, आणि फौजेचा खुर्दा उडाला म्हणतो तेव्हाचा चुराडा हा दुसरा. पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक निरोपात मोत्यं आणि मोहरांच्या पाठोपाठ खुर्दा येतो, तिथे तर दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. पण वाण्याकडे खुर्दा मागताना आपल्या डोक्यात रणांगण नसतं. शब्दाचं मूळ आणि शब्दाचा अर्थ यांत अंतर पडतं, आणि रोजच्या वापरातल्या शब्दांत ते सर्वांत जास्त पडतं.

ग्रीकांनाही या शब्दातला तुकड्यांचा भाव माहीत होता, पण त्याचा खेळ ते वेगळ्या दिशेने करत. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात सॉक्रेटिस सांगतो की सद्गुण अखंड ठेव, त्याची मोडतोड करून ‘केर्मातिझेइन’ करू नकोस. ‘रिपब्लिक’मध्ये हेच क्रियापद गणितातल्या ‘एका’चे तुकडे पाडण्याबद्दल येतं. सद्गुणाची चिल्लर करणे! मराठीत हे वाक्य जसंच्या तसं चालतं. लबाडीचा वास मात्र दोन्ही ठिकाणी नाही. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांतही, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदांतही, ‘केर्मा’ म्हणजे साधी चिल्लर, बहुतेक तांब्याची. आजच्या ग्रीकमध्येही नाण्याला ‘केर्मा’च म्हणतात.

मग एकदाच का आला? इथे एक सवय सोडायला हवी. एकदाच आलेला शब्द म्हणजे गूढ शब्द, असा आपला समज असतो. खरं तर ‘केर्मातिस्तेस’ जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नाही आणि इतर ग्रीक लेखनातही अगदी मोजक्या जागी मिळतो; पण दुर्मिळपणा हा आपल्यापर्यंत पोहोचलेल्या कागदांचा गुण आहे, शब्दाचा नव्हे. तत्त्वज्ञ आणि इतिहासकार चिल्लर देणाऱ्या माणसाबद्दल कशाला लिहितील? मराठीतही ‘सुट्टेवाला’ हा शब्द किती ग्रंथांत छापलेला सापडेल? बाजारात मात्र तो कळायला कोणालाही क्षण लागणार नाही. ‘केर्मा’ माहीत असलेल्या कुठल्याही ग्रीक भाषकाला ‘केर्मातिस्तेस’ तसाच चटकन कळला असणार.

आता दुसरा शब्द, आणि माझ्या मते या प्रकरणातला अधिक रसाळ. ‘कोल्लुबोस’ हे मुळात अगदी क्षुल्लक नाणं. अरिस्तोफानेसच्या ‘शांती’ या नाटकात, इसवी सनपूर्व 421मध्ये, विळे बनवणारा म्हणतो की युद्धाच्या दिवसांत माझा विळा कोणी एका कोल्लुबोसलाही घेतला नसता. आपण ‘कवडीलाही विचारलं नसतं’ म्हणतो, तेच. पुढे हा शब्द नाणं बदलताना वरून द्याव्या लागणाऱ्या रकमेला चिकटला. सिसेरोच्या लॅटिनमध्ये तो त्या अर्थाने आहे, आणि यहुदी ग्रंथ मिश्नामध्ये ‘कोलबोन’ म्हणून आहे. यासाठी मराठीत तयार शब्द आहे: वटाव. किंवा बट्टा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे नाना रुपये एकाच वेळी फिरत आणि एकाचा दुसरा करून घेताना सराफाला बट्टा द्यावा लागे. आज ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना हे कोणाच्या मनात नसतं, पण तो बट्टा सराफाच्या चौरंगावरूनच आलेला आहे. तर ‘कोल्लुबिस्तेस’ म्हणजे बट्टा घेऊन नाणं बदलून देणारा.

हा शब्द व्यवहारात कसा चाले ते इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावच्या एका पपायरसात दिसतं. इसवी सन 260चा सरकारी हुकूम आहे. अधिकारी म्हणतो, ‘कोल्लुबिस्तिक’ चौरंगांच्या ‘त्रापेझितेस’ लोकांनी, म्हणजे पेढीवाल्यांनी, म्हणे दुकानं बंद केली, कारण त्यांना सम्राटांची नाणी घ्यायची नाहीत. तरी त्यांनी ती उघडावीत आणि खोटी-बनावट वगळता सगळी नाणी स्वीकारावीत. ‘त्रापेझितेस’ हा तिसरा शब्द मत्तयात (25:27) एकदाच येतो, जिथे धनी नोकराला म्हणतो की माझा पैसा निदान त्यांच्याकडे ठेवायचा होतास, व्याजासकट मिळाला असता. ‘त्रापेझा’ म्हणजे चार पायांचं मेज. आपल्या ‘चौरंगा’तही चार आहेतच. ग्रीसमध्ये आज ‘त्रापेझा’ म्हणजे बँक.

पुष्कळ भाष्यकारांना इथे मोह होतो की योहानाच्या दोन शब्दांनी दोन वेगळे धंदे सांगितले असावेत. केर्मातिस्तेस मोठ्याचं लहान करून देणारे, कोल्लुबिस्तेस परक्या नाण्याचं स्थानिक करून देणारे. सुबक विभागणी आहे, पण मला पटत नाही. एक तर 15व्या ओवीत ‘केर्मा’ सांडतं ते कोल्लुबिस्तेस लोकांचं. चिल्लर जर त्यांच्या चौरंगावर आहे, तर चिल्लरवाले तेच. दुसरं, योहानाला एकाच गोष्टीसाठी दोन शब्द आलटून पालटून वापरायची खोडच आहे; 21व्या अध्यायात प्रेम करण्याचे दोन शब्द आणि मेंढरं राखण्याचे दोन शब्द तो असेच फिरवतो, आणि त्यांवरही प्रवचनं उभी राहिली आहेत.

तिसरं कारण मला सर्वांत भक्कम वाटतं आणि ते मिश्नात आहे. मंदिराचा वार्षिक कर अर्धा शेकेल होता (निर्गम 30:13). मिश्नाच्या ‘शेकालीम’ भागात नियम आहे: जो अख्खा सेला, म्हणजे पूर्ण शेकेलचं नाणं, देतो आणि अर्धा परत घेतो, त्याने दोन कोलबोन द्यावेत. हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. माणूस मोठं नाणं चौरंगावर ठेवतो. समोरचा त्यातला अर्धा कर म्हणून घेतो, अर्ध्याची मोड परत करतो आणि वर बट्टा लावतो, तोही दुप्पट. मोड देणं आणि बट्टा घेणं हा एकच व्यवहार, एकाच हाताचा. त्याच माणसाला देणाऱ्या हातावरून केर्मातिस्तेस म्हणा, घेणाऱ्या हातावरून कोल्लुबिस्तेस म्हणा.

बट्टा किती होता? रब्बी मेईर म्हणतात चांदीचा एक माआ, इतर पंडित म्हणतात अर्धा. एका दिनारचे 6 माआ आणि अर्धा शेकेल म्हणजे 2 दिनार, म्हणजे 12 माआ. तेव्हा बाराव्या हिश्शापासून चोविसाव्या हिश्शापर्यंत, टक्क्यांत म्हणाल तर 8पासून 4पर्यंत. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती (मत्तय 20:2), म्हणजे कर दोन दिवसांच्या कमाईचा आणि बट्टा त्यावर. मिश्ना इसवी सन 200च्या सुमाराला संकलित झाली, मंदिर पडल्याला तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती, तेव्हा हे आकडे पावतीसारखे वाचू नका. तरी अंदाज येतो. भार होताच, पण ठरलेला, नियमात बसवलेला, त्याबद्दल पंडितांनी वाद घालावा इतका उघड. मोठ्या देवस्थानाच्या रस्त्यावर नोटेची चिल्लर देऊन काही रुपये कापून घेणारे आपण पाहिले आहेत. त्यांच्यावर आपण कुरकुरतो, पण त्यांना दरोडेखोर म्हणत नाही.

मिश्नात तारखाही आहेत. यहुदी पंचांगातल्या अदार महिन्याच्या 15 तारखेला हे चौरंग गावोगावी मांडले जात आणि 25 तारखेपासून मंदिरात. वल्हांडणाचा सण पुढच्या निसान महिन्याच्या मध्यावर, म्हणजे तीन आठवड्यांनी. योहानाने प्रसंगाची सुरुवात ‘वल्हांडण जवळ आला होता’ अशी केली आहे. चौरंग मांडलेले असण्याचा तोच हंगाम.

इथे माझी एक जुनी चूक कबूल करायला हवी. नाणी का बदलावी लागत? मी कित्येक वर्षं वर्गात सांगत असे की रोमी नाण्यांवर सम्राटाचं चित्र असे, ते मंदिरात चालत नसे, म्हणून चित्र नसलेलं नाणं घ्यावं लागे. ऐकायला छान वाटतं, आणि पुस्तकांतूनही सर्रास लिहिलेलं असतं. मग एक दिवस विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून सोर (टायर) शहराच्या शेकेलचा मोठा फोटो काढला. मंदिराचा कर याच नाण्यात घेत. एका बाजूला मेल्कार्थ या देवतेचं मुंडकं, डोक्यावर पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला गरुड, आणि भोवती ग्रीक अक्षरांत ‘पवित्र आणि अभंग सोरचा’. सम्राटाचं चित्र नको म्हणून परक्या दैवताचं चित्र घेतलं? मागच्या बाकावरच्या मुलाने हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर चांदीत आहे. सोरचं हे नाणं साधारण 14 ग्रॅमचं, चांदी 90 टक्क्यांहून बरीच जास्त, आणि वजन पिढ्यानपिढ्या टिकवलेलं. मिश्ना धार्मिक रकमा सोरच्या मापात मोजायला सांगते. सराफाच्या भाषेत बोलायचं तर मंदिराला कस हवा होता, शिक्का कोणाचा याची फिकीर नव्हती. मत्तय 17मध्ये पेत्राला माशाच्या तोंडात सापडलेलं नाणं दोघांचा कर फेडतं. ते चार द्राख्माचं नाणं, म्हणजे या शेकेलच्या तोलाचं.

मग लबाडीची कल्पना आली कुठून? ती मत्तय, मार्क आणि लूक यांच्याकडून योहानात शिरली. तिथे येशू यिर्मया संदेष्ट्याचे (7:11) शब्द उचलतो आणि ‘लुटारूंची गुहा’ म्हणतो. योहानात ते वाक्यच नाही. तिथे तो कबुतरं विकणाऱ्यांना म्हणतो, माझ्या पित्याच्या घराला व्यापाराचं घर करू नका. ग्रीक शब्द ‘एम्पोरियोन’, म्हणजे बाजारपेठ, व्यापाराचं ठाणं. मागे जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य (14:21) घुमतं आहे, की त्या दिवशी परमेश्वराच्या मंदिरात कोणी व्यापारी उरणार नाही. तिथला हिब्रू शब्द ‘कनानी’ आणि ‘व्यापारी’ अशा दोन्ही अर्थांचा आहे. योहानाची तक्रार तोलमापात खोट असल्याची नाही, तिथे तोलमाप मुळात आहे याची आहे. चौरंगावरचा माणूस प्रामाणिक असता, बट्टा एक पैही जास्त घेत नसता, तरी योहानाच्या प्रसंगात त्याची चिल्लर ओतलीच गेली असती. ‘केर्मातिस्तेस’ला खिसेकापू केलं की हा धारदार मुद्दा बोथट होतो. श्रोता निश्वास टाकतो की बरं झालं, लबाडांना हाकललं, आपण काही लबाड नाही.

भाषांतराकडे येऊ. लॅटिनमध्ये जेरोमच्या भाषांतराने तिन्ही ग्रीक शब्दांना एकच ‘नुम्मुलारियुस’ लावून भेद पुसून टाकला. पण 15व्या ओवीत ‘केर्मा’साठी ‘एस’, म्हणजे तांबं, हा शब्द घालून सांडलेल्या चिल्लरीचा आवाज राखला. मराठीत प्रचलित भाषांतरात दोन्ही ओव्यांत ‘सराफ’ आहे, आणि 15व्या ओवीत सराफांचा ‘खुर्दा’. त्या ‘खुर्द्या’ला मी मनापासून दाद देतो. ‘केर्मा’ला याहून चपखल मराठी शब्द नाही. ग्रीक हस्तलिखितांत काही ठिकाणी ते एकवचनी आहे, काही ठिकाणी अनेकवचनी. एकवचनी धरलं तर ‘खुर्दा ओतला’, ‘चिल्लर सांडली’ असा समूहाचा एकवचनी ठसका मराठीत आयता मिळतो.

‘सराफ’ हा शब्द निवडला गेला तेव्हा तोही अचूक होता. अरबी ‘सर्राफ’ म्हणजे नाणं बदलून देणारा, पारखून घेणारा. इंग्रजांचा ‘श्रॉफ’ तिथूनच. शब्द बरोबर राहिला, पण त्याच्याखालची जमीन सरकली. आज सराफ म्हणजे सोन्याची पेढी, काचेचं दार, मखमलीचे डबे. एका गावी वाचनगटात ही ओवी वाचून झाल्यावर भाजी विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “मंदिरात दागिने कोण घेत होतं? सणाला?” मी अर्धा शेकेल, सोरचं नाणं, बट्टा असं दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मोड देनारे व्हय. मग तसं लिवा की.” सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने पाचशेची नोट पुढे केली की मोडीसाठी शेजारच्या चार गाड्या फिरणाऱ्या बाईला हे दहा मिनिटांत समजावण्याची गरजच नव्हती.

तेव्हा माझा सल्ला असा. 14व्या ओवीत ‘मोड देणारे’ किंवा थोडं विस्ताराने ‘नाणी मोडून देणारे’, आणि 15व्या ओवीत ‘बट्टेवाल्यांचा खुर्दा’ असं केलं तर दोन ग्रीक शब्दांचे दोन कंगोरे राहतात. अडचण एवढीच की ऐकणाऱ्याला वाटेल माणसं दोन प्रकारची आहेत, आणि तो गैरसमज मघाचपेक्षा बरा नाही. म्हणून सभेत वाचायच्या मजकुरात मी दोन्ही ठिकाणी ‘नाणी बदलून देणारे’ ठेवीन, ‘खुर्दा’ आणि ‘चौरंग’ यांना हात लावणार नाही, आणि योहानाने दोन शब्द वापरले आहेत ही गोष्ट तळटीपेत सांगेन. अभ्यासगटात मात्र ‘मोड’ आणि ‘बट्टा’ हे दोन शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहावेत.

ताई, तुम्ही विचारलं आहे की येत्या रविवारी वाचन तुमच्याकडे आहे आणि छापील प्रतीत ‘सराफ’च आहे, तर काय करावं. आहे तेच वाचा. फक्त सुरुवात करण्याआधी एक वाक्य सांगा, की इथले सराफ सोनं विकत नाहीत, मंदिराच्या करासाठी लोकांना नाणी मोडून देतात. आणि ‘खुर्दाही ओतून टाकला’ इथे पोहोचलात की क्षणभर थांबा. दगडी फरशीवर ओंजळभर नाणी पडल्यावर ती गडगडत थांबायला जेवढा वेळ लागतो, तेवढं.